मागचा कार्ब्युरेटर

जुन्या गाड्यांचे मालक एकमेकांना पत्ता देताना नुसतं "मिस्त्रीकडे जा" म्हणायचे. मिस्त्री शहरात छप्पन होते, पण कार्ब्युरेटर उघडायचा म्हटला की हा एकच. बाकीच्यांनी केव्हाच संगणक लावून तपासायच्या नव्या गाड्यांची वाट धरली होती. हा मात्र पंचावन्नाव्या वर्षीही रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं स्वतःच्या कानाशी धरून, डोळे मिटून आत जाणाऱ्या हवेची शीळ ऐकत उभा राहायचा. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "बायकोचं एवढं लक्ष देऊन ऐकलं असतंस तर कुठल्या कुठे गेला असतास."

भूगोलाचे निवृत्त सर आणि त्यांची बायको वीस वर्षं त्याच्याकडे गाडी आणत होते. बायको सरांच्याच शाळेत गणित शिकवायची. तिला सगळे बाईच म्हणत, सरसुद्धा. गाडी दोन दारांची, शेवाळी रंगाची, त्यांच्या लग्नाहून चार वर्षांनी लहान. घर टेकडीवर. घरापासूनचा रस्ता वळत वळत खाली यायचा आणि रुंद हमरस्त्याला मिळायचा. तिथे सिग्नल नव्हता. डावी-उजवी बघायची, फट सापडली की पाय द्यायचा आणि पलीकडे जायचं.

या खेपेला तक्रार सांगायला बाईच पुढे झाल्या. "मिस्त्री, लिहून घे. चढावर आमच्या ह्यांच्यासारखी धापा टाकते. आणि खालच्या चौकात पाय दिला की आधी विचार करते, मग निघते."

"विचार करणं वाईट नसतं," सर म्हणाले.

"रस्त्याच्या मधोमध वाईटच."

मिस्त्री हसला. दुखणं त्याला ऐकूनच कळलं होतं. या गाडीला दोन कार्ब्युरेटर, पुढचा आणि मागचा. दोघांचं एकमेकांशी पटेनासं झालं होतं. एक जास्त हवा ओढायचा, दुसरा कमी. पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या सुया झिजल्या होत्या. कमी वेगात इंजिनाला ताकदच मिळत नव्हती, मग चढावर धापा टाकणारच.

दोन दिवस त्याने तिच्यावर घालवले. दोन्ही कार्ब्युरेटर खोलून धुतले, नव्या सुया बसवल्या, नळी कानाला लावून दोघांची शीळ एका सुरात येईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे केला. टेकडीसारखा दुसरा चढ शोधून गाडी नेली. तिसऱ्या गिअरमध्ये, अगदी हळू वेगातही, गाडी कुरकुर न करता वर चढली. चढाच्या माथ्यावर तो गाडी थांबवून उगाचच दोन मिनिटं बसला. हाताखाली काम असं जमून आलं की त्याला बरं वाटायचं, आणि असे दिवस आताशा कमी झाले होते.

गॅरेजमध्ये परत आल्यावर त्याच्या मनात एक शेवटचं काम आलं. प्रत्येक कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक टोपी असते. ती फिरवून काढली की खाली बोटभर खोल नळी, आणि नळीत जरासं तेल. एकदम पाय दिला तर आतला दट्ट्या फटकन वर उसळू नये, दमादमाने उठावा, एवढंच त्या तेलाचं काम. दट्ट्या उसळला तर हवा जास्त जाते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन गुदमरतं. आतलं तेल फार पातळ आहे, जरा दाट घातलं तर चौकातून अजून झकास निघेल, असं त्याला वाटलं. त्याने दोन्ही नळ्यांतलं जुनं तेल ओढून काढलं, फडक्याने आतून पुसून घेतलं. पुढच्या नळीत नवं तेल भरलं. तेवढ्यात फोन वाजला.

मेहुणा होता. गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची होती, काळी घ्यावी की पांढरी, यावर त्याने पाव तास खाल्ला. मिस्त्री खांदा आणि कान यांच्यात फोन धरून हं हं करत होता आणि हात आपले सवयीने चालत होते. फोन संपला तेव्हा दोन्ही टोप्या घट्ट बसलेल्या होत्या. त्याने बॉनेट पुसून खाली घेतलं. थोड्या वेळाने सर आणि बाई आले आणि गाडी घेऊन गेले.

पाचव्या दिवशी सकाळी टायरवाला शटरपाशी येऊन उभा राहिला. नेहमीसारखा आत आला नाही.

"तुझ्या त्या सरांची गाडी," तो म्हणाला. "काल चौकात ठोकली. मधोमध थांबली म्हणे, आणि डंपर आला."

"सर?"

"खांदा मोडला. बाई गेल्या."

मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायला विसरला. 

दुपारी तो टेकडीवर गेला. दुसऱ्या शहरात नोकरी करणारा मुलगा आला होता. चाळिशीचा, उंच, बाईंसारख्या भिवयांचा. खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला. मुलगा कुणाला तरी सांगत होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच होता. "सत्तरी उलटल्यावर हातात चाक कशाला हवं? हजारदा सांगितलं. गोंधळले असणार. ऐन रस्त्यात पाय कुठे द्यायचा तेच सुचलं नसेल."

 मिस्त्री जवळ जाऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "पाय घसरला असेल माझा." जणू मिस्त्रीनेच ते विचारलं होतं.

पोलिसांनी गाडी तपासली. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, चालकाची चूक, असा शेरा मारला. बॉनेटखाली वाकून टोप्या उघडायचं कुणाला सुचणार होतं?

दोन महिन्यांनी गाडी पोलिसांकडून सुटली आणि मुलाने ती उचलून मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणून टाकली. एक बाजू पूर्ण आत गेलेली, बाईंच्या बाजूचं दार नव्हतंच. इंजिनाला मात्र ओरखडा नव्हता.

"कुणाला इंजिन हवं असेल तर काढून द्या," मुलगा म्हणाला. "सोमवारी भंगारवाला येईल. मला परत बघायचीसुद्धा नाही."

"सर कसे आहेत?"

"आहेत." मग जरा थांबून, "जेवायला बसा, औषध घ्या, एवढंच आमचं बोलणं. त्यापलीकडे माझ्या तोंडून चांगलं काही निघत नाही."

इंजिन काढायचं म्हणजे आधी कार्ब्युरेटर उतरवायचे. मिस्त्रीने पुढच्याची टोपी फिरवली. तेल काठोकाठ. दाट, सोनेरी, दोन महिन्यांपूर्वी भरलं तसंच. त्याने मागच्याची टोपी फिरवून वर उचलली. टोपीला लटकणारी दांडी कोरडी होती. नळी कोरडी होती. आत फडक्याचा एक बारीक पांढरा धागा चिकटलेला होता.

त्याने मनाला फसवायचा प्रयत्न केला. धक्क्याने सांडलं असेल. पण मग पुढच्यातलं का नाही सांडलं? गळलं असेल म्हणावं तर बाहेर कुठे ओघळाचा डाग नाही. जुनं तेल निदान कडेला चिकटून राहिलं असतं, पण ते त्याने स्वतःच पुसून काढलं होतं. मेहुण्याचा आवाज त्याच्या कानात पुन्हा बोलू लागला.

तरी खात्री करायची म्हणून त्याने बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. दोन महिन्यांचं थंड इंजिन. त्याने पाय दिल्यासारखा हाताने थ्रॉटल एकदम उघडला. इंजिन खोकलं, आवाज खाली गेला, आणि एक, दोन असं मोजण्याइतका वेळ ते मेल्यासारखं झालं. मग सावरलं. पुन्हा उघडला. पुन्हा तेच. गरम इंजिनात हा दोष जेमतेम जाणवला असता. चढावर एका दमात ओढताना तर जाणवलाच नसता. पण सकाळच्या पहिल्या वेळी, उतार संपवून, थंड इंजिनाने, चौकात?

त्याने मागच्या नळीत तेल भरलं आणि थ्रॉटल उघडला. इंजिन जराही न अडखळता गर्जून उठलं.

त्याने चावी बंद केली. आता नळीत तेल होतं. ती कोरडी होती हे जगात त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि यापुढे कुणाला पाहताही येणार नव्हतं. हे त्याला इंजिन थांबल्यावर कळलं. कळलं तेव्हा क्षणभर त्याचा जीव भांड्यात पडला, आणि त्याची त्याला जी लाज वाटली ती पुढे कितीतरी दिवस उतरली नाही.

बायकोला त्याने जेवताना सांगितलं. तिने घास खाली ठेवला.

"सांगून बाई उठून बसणार आहेत का?"

"नाही."

"मग?"

"सर रोज उठून स्वतःलाच दोष देत असतील."

"आणि सांगितलंत की तुम्ही द्याल."

"मी देतोच आहे."

तिने ताट बाजूला सरकवलं. "मला सांगायला नको होतं तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "आता मीही त्यात आले."

आठ दिवस तो गप्प राहिला. भंगारवाल्याला त्याने काहीतरी कारण सांगून पुढच्या सोमवारवर ढकललं. गाडीवर ताडपत्री टाकली आणि तिच्याकडे पाठ करून दुसरी कामं करत राहिला.

नवव्या दिवशी सकाळी सर आले. एकटे, काठी टेकत, टेकडीवरून चालत. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मिस्त्रीने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. सरांनी ताडपत्रीकडे बघितलं आणि नजर फिरवली.

"एकच विचारायला आलोय," ते म्हणाले. "तुम्हाला यातलं कळतं. पाय दिला तेव्हा ती थांबली, की मी थांबलो? मुलगा म्हणतो, मी. पोलीस म्हणतात, मी. मला आठवतं की मी पाय दिला होता. पण रोज थोडं थोडं कमी आठवतं."

मिस्त्रीने आठ दिवस मनात शब्द जुळवले होते. त्यातला एकही वेळेवर आला नाही.

"ती थांबली, सर. माझ्यामुळे थांबली."

सरांनी पाण्याचा पेला जपून खाली ठेवला. "नीट सांगा. वर्गात सांगतात तसं."

मिस्त्रीने ताडपत्री बाजूला केली, मागचा कार्ब्युरेटर उतरवून टेबलावर आणला. टोपी, दांडी, नळी, दट्ट्या, एकेक दाखवलं. तेलाचं काम सांगितलं. कोरडी नळी सांगितली, धागा सांगितला, थंड इंजिनावर केलेली परीक्षा सांगितली. सरांनी नळीत करंगळी घातली आणि बोटाला लागलेलं तेल उजेडात धरून पाहिलं.

"किती मावतं?"

"चहाचे दोन चमचे. तेवढंही नाही."

"आणि विसरलात कसे?"

"मेहुण्याचा फोन आला होता. पाण्याची टाकी काळी घ्यावी की पांढरी, विचारत होता."

"कुठली घेतली?"

"काळी."

सरांनी मान हलवली, एखाद्या मुलाने बरोबर उत्तर द्यावं तशी.  शेजारी टायरवाला हातोड्याने चाकाची कड ठोकत होता. मिस्त्रीला वाटत होतं, आता ते काठी उगारतील. उगारली असती तर बरं झालं असतं.

"तुला वाटतं तेवढंच नाहीये हे," सर म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला अरे-तुरे केलं. "गाडी तुझ्याकडून घरी नेली तेव्हा चढावर अशी ओढत होती की काय सांगू. बाई म्हणाली, माहेरी निघाल्यासारखी पळतेय. मग तीन दिवस गाडी दारात उभी होती. त्या सकाळी चौकात आलो. डंपर येत होता. मला दिसत होता. बाई म्हणाली, थांबा, जाऊ दे त्याला. चाळीस वर्षं मी तिथे थांबत आलोय. एखादी सायकल आली तरी थांबायचो. त्या दिवशी म्हटलं, आता कशाला थांबायचं, मिस्त्रीने नवी करून दिलीय."

मिस्त्रीने टेबलावरची टोपी उचलली आणि नळीवर फिरवून बसवली.

"तेल असतं तर निघालो असतो का पलीकडे?"

मिस्त्रीने खरंच हिशेब केला. रस्त्याची रुंदी, डंपरचा वेग, आपण केलेलं काम. "निघाला असता."

"नक्की?"

"दोन हात राखून."

"म्हणजे तू चुकला नसतास तर माझी चूक कुणाला कधी कळलीच नसती," सर म्हणाले. "मलासुद्धा. घरी आल्यावर ती चार शब्द बोलली असती, एवढंच."

ते उठले. काठी सापडेना म्हणून मिस्त्रीने ती हातात दिली.

"मुलाला हे माहीत नाही. ती थांबा म्हणाली होती ते."

"मी काय सांगू त्यांना?"

"तुझं तू ठरव. मी तुला माफ केलं असं म्हणायला आलो नव्हतो. म्हणणारही नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री टेकडीवर गेला. दार मुलाने उघडलं. मिस्त्रीने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, म्हणजे स्वतःचं सगळं. तेल, फोन, टोपी. "सर गोंधळले नव्हते," तो म्हणाला. "त्यांनी पाय बरोबर दिला होता. गाडी गुदमरली, आणि ती माझी चूक."

मुलगा ऐकत होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग रंग पार उतरला. "कधी कळलं तुम्हाला?"

"नऊ-दहा दिवस झाले."

"नऊ-दहा दिवस. आणि तुम्ही काय करत होता?"

"भीती वाटत होती."

मुलाने त्याची कॉलर धरली. मिस्त्रीने हात वर केले नाहीत.  मग मुलाची मूठ आपोआप सैल झाली, कारण आतल्या खोलीच्या दारात सर येऊन उभे होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं हे?"

"काल कळलं."

"आणि मी दोन महिने तुम्हाला..."  एवढा उंच माणूस बापाच्या पायाशी खाली बसला आणि त्याने डोकं त्यांच्या गुडघ्यांना टेकलं. सरांनी धड असलेला हात त्याच्या केसांवर ठेवला. पण त्यांची नजर मुलाच्या डोक्यावरून मिस्त्रीवर होती. मिस्त्री थांबला. सरांचे ओठ हलले. पाच-सहा श्वास तो थांबला होता, तेवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलून झालं असतं. ते बोलले नाहीत. मिस्त्री चपला पायात सरकवून पायऱ्या उतरला.

तक्रार मुलाने केली. मिस्त्री त्याआधीच चौकीवर जाऊन बसला होता. जबाब लिहिणाऱ्या अंमलदाराने दोनदा विचारलं, "स्वतःहून आलात?" त्याला ते लिहायचं कसं हेच कळेना. शेवटी त्याने विचारलं, "अजून काही? गाडी चालवणाऱ्याची चूक वगैरे?"

"नाही," मिस्त्री म्हणाला, आणि सही केली.

बातमी पसरायला टायरवाल्याचीही गरज लागली नाही. जुन्या गाड्यांचे मालक वाईट माणसं नव्हते. कुणी तोंडावर बोललं नाही. एकेकाने आपापली गाडी नेली, कुणी गावाला जायचंय म्हणून, कुणी सध्या घाई नाही म्हणून. वर्षभरात गॅरेजमध्ये फक्त त्याची स्वतःची हत्यारं उरली. बायको एका शिवणाच्या कारखान्यात जाऊ लागली. तिने एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. त्यापेक्षा म्हटलेलं परवडलं असतं.

खटल्यात सरांची साक्ष झाली. वकिलाने विचारलं, गाडी थांबली की तुम्ही थांबवली. "गाडी थांबली," सर म्हणाले. आणखी काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं. सर इतका वेळ गप्प राहिले की कारकुनाने लिहिता लिहिता मान वर केली. "नाही," ते म्हणाले.

निकालाच्या दिवशी मिस्त्रीला सहा महिन्यांची कैद झाली. कागद तयार होईपर्यंत त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, शिपाई शेजारी. बायको कपड्यांची पिशवी घेऊन खिडकीशी उभी होती. मुलगा पाणी आणायला खाली गेला, तशी सर काठी टेकत आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. वर्षभरात ते फार वाळले होते.

"मी वकिलांना सांगू का?" त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं. "अपिलाला अजून वेळ आहे. ऐकतील."

"त्याने काय होईल?"

"तुझे दोन-तीन महिने कमी होतील कदाचित."

"आणि तुमचा मुलगा?"

 "तो आता रोज फोन करतो," सर म्हणाले. "कधी कधी दोनदा. तो बोलायला लागला की मला वाटतं, आता सांगावं. मग तो विचारतो, जेवलात का. आणि मी म्हणतो, जेवलो."

"नका सांगू, सर."

"तू सांगतोयस म्हणून नाही सांगत, असं समजू नकोस. मला जमत नाही म्हणून नाही सांगत."

मुलगा पाण्याची बाटली घेऊन वर आला. मिस्त्रीकडे न बघता त्याने बापाचा कोपर धरला. "चला बाबा. जिना आहे, सांभाळून." सर उठले. जाताना त्यांचा हात मिस्त्रीच्या खांद्याच्या दिशेने जरासा उचलला गेला आणि तसाच काठीवर परत आला.

ते दोघं एकेक पायरी करत उतरले. बायको बाकापाशी आली.

"काय म्हणत होते?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "तब्येतीचं विचारत होते."

तिने पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि वरच्या घडीत स्वेटर आहे, आत थंडी असेल, असं सांगितलं. शिपाई कागद घेऊन आला आणि मिस्त्री उठला.